बैल पुरून पावणेतीन वर्षं झाली तरी कुजला नाही. मीठ कमी पडलं की जास्त झालं?

मळेवाला (२०/०५/२०२५, रात्री ९:४०)

जेवताना वाचत असाल तर आत्ताच थांबा, नंतर शिव्या नका घालू.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, मुळा कॅनॉलखाली. २०२२ ला लम्पी आला त्यात आमचा हौश्या गेला. त्या वर्षी पोळा पण धड झाला नव्हता आणि पोळ्यानंतर पंधरा-वीस दिवसांत त्याने मान टाकली. अंगभर गाठी, मानेवरच्या दोन-तीन फुटून जखमा झालेल्या. गुरांचे डॉक्टर म्हणाले उघड्यावर टाकू नका, खोल पुरा, चुना टाका. वडील म्हणाले चुना टाका नाहीतर आणखी काय टाका पण मीठ पाहिजेच, बैल मीठ घालूनच पुरतात. मग दोन पोती खडेमीठ आणलं, बांधाकडेला जेसीबीने सात-आठ फूट खड्डा घेतला, खाली मीठ, त्यावर हौश्या, वर परत मीठ, चुना आणि माती. आईने हळदकुंकू वाहिलं.

परवा पाईपलाईनची चर घेत होतो. ड्रायव्हरला जागा दाखवली होती पण बकेट दोन फूट इकडं सरकलं आणि मातीबरोबर पांढरट-पिवळं मेणासारखं काहीतरी वर आलं. मला आधी चुन्याचा गोळा वाटला म्हणून उचलला, दाबला तर साबणाच्या ओल्या वडीसारखा चिरडला आणि हात तीनदा धुतला तरी शिळ्या तुपाचा वास जाईना. मग नीट बघितलं तर मागच्या मांडीचा भाग. त्याला कातडं चिकटलेलं, कातड्याला केस, केसाचा तो तांबूस रंग पण ओळखू आला. दोन मिनिटं मला काही सुधरलं नाही.

आता वडील म्हणतात मीठ कमी पडलं, चुलते म्हणतात जागा खराब, शेजारचे बाबा म्हणतात बैलाचा जीव घुटमळतोय. इथं कोणी जाणकार असेल तर सांगा, पावणेतीन वर्षांत आठ फुटाखाली एवढा बैल मातीत मिसळायला नको होता का?

आजीचा_बटवा (२०/०५, रात्री १०:०५)

वाईट वाटलं वाचून. वडिलांचं बरोबर आहे असं मला वाटतं. मीठ मांस खातं, म्हणून तर घालतात. आमच्याकडे एका बैलाला चार पोती लागतात असं म्हणायचे, दोन पोत्यात काय होणार.

उगाच_एक (२०/०५, रात्री १०:११)

मग कैरीच्या लोणच्यात मीठ कशाला घालता हो? कैरी लवकर कुजावी म्हणून?

आजीचा_बटवा (२०/०५, रात्री १०:१४)

लोणचं वेगळं आणि जमीन वेगळी. उगाच फाटे फोडू नका, नाव शोभतंय.

डॉ_निशाचर (२०/०५, रात्री ११:५२)

उगाचरावांनी चेष्टेत का होईना, मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी सरकारी नोकरीत शवविच्छेदनं करते, पुरलेले मृतदेह कोर्टाच्या कामासाठी परत उकरून तपासायची वेळ बऱ्याचदा आली आहे. जनावरांची डॉक्टर नाही मी, पण चरबी आणि माती दोघांनाही सारखीच.

मळेवाला, तुमच्या हाताला जे लागलं त्याला अ‍ॅडिपोसिअर म्हणतात. प्रेत ओल्या, कोंदट, हवा नसलेल्या जागी राहिलं की चरबीतलं तेल फुटून त्याचे घट्ट मेण बनतं, आणि हे काम काही जंतूच करतात, ज्यांना ऑक्सिजन नसलेलाच चालतो. एकदा हे मेण बनलं की बाकीच्या जंतूंना ते पचत नाही म्हणून अवयवाचा आकार तसाच्या तसा राहतो, वर्षानुवर्षं. जिवाच्या घुटमळण्याशी काही संबंध नाही. १७८६-८७ मध्ये पॅरिसमधलं एक जुनं भरगच्च कब्रस्तान हलवलं तेव्हा खोल सामुदायिक खड्ड्यांत असल्याच मेणाची प्रेतं ढिगाने निघाली, फूर्क्रुआ नावाच्या केमिस्टने त्याला हे नाव दिलं.

आता मला तीन गोष्टी सांगा. एक, त्या जागी पाणी साचतं का. दोन, बैल मेल्यापासून पुरेपर्यंत किती वेळ उघडा होता. तीन, डोकं आणि मान बघितलीत का, तीही मेणच झालीय की नुसती हाडं आहेत?

तिसरा प्रश्न विचित्र वाटेल पण मला त्याचंच उत्तर हवंय.

मळेवाला (२१/०५, सकाळी ७:३०)

ताई, पाणी तर विचारूच नका. वरच्या अंगाला ऊस, बारमाही पाणी, ती पूर्ण पट्टी चिबड झालीय. पावसाळ्यात तिथं चार फुटावर पाणी लागतं, उन्हाळ्यात पण ओल हटत नाही. पुरायला दुसरी रिकामी जागाच नव्हती, बाकी सगळीकडं पीक उभं.

डोकं बघितलं नाही, हिंमत झाली नाही खरं सांगायचं तर. उघडा किती वेळ होता ते आईला विचारून सांगतो.

जांभा (२१/०५, सकाळी ९:१८)

आमची गोष्ट बरोब्बर उलटी. आमचा मोती कुत्रा, २०१९ ला गेला, आगराच्या कडेला गुडघाभर खड्डा काढून पुरलेला. मीठबीठ काही नाही, गोणपाटात गुंडाळून. गेल्या वर्षी नेमकं तिथेच हापूसचं कलम लावायला खड्डा मारला तर हाती लागलं काय, चार दात आणि पट्ट्याचं बक्कल. कवटी नाही, बरगडी नाही, मांडीचं हाड नाही. आई म्हणाली जागा चुकली तुझी. मी म्हटलं बक्कल कुणाचं मग?

पाच वर्षांत हाडं कुठे गेली?

खापरखुणा (२१/०५, सकाळी १०:४४)

जांभाभाऊ, तुमच्या आयडीतच उत्तर आहे की! जांभ्याची माती आंबट. वरून अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातून निथळत जातो, चुना-बिना सगळा कधीच धुऊन गेलेला असतो. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियमचं खनिज, आंबट पाण्यात ते विरघळतं. दातावरचं इनॅमल सगळ्यात चिवट म्हणून दात उरले. वर वाळवी, ती हाडंसुद्धा कुरतडते, उकरलेल्या हाडांवर तिच्या दाताच्या खुणा आम्हाला नेहमी दिसतात.

म्हणून कोकणात उत्खननात खापरं मिळतात, माणूस मिळणं अवघड. आणि देशावर उलट. मळेवाल्यांच्या गावापासून फार लांब नाही, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खोदलं. इसवी सनाच्या आधी साधारण १६०० ते ७०० या काळातली वस्ती, आणि लोक आपल्या घरातली मेलेली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरायचे. दोनशेच्या वर दफनं मिळाली, त्यातली बहुतेक तान्ह्या-लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. मोठ्या माणसाला उताणं निजवायचे आणि पाय घोट्याखाली तोडायचे, का तोडायचे त्यावर वाद आहे.

गंमत बघा, तान्ह्या बाळाचं हाड किती कोवळं, जगात बऱ्याच ठिकाणी ते आधी नाहीसं होतं. इथे तीन हजार वर्षं टिकलं. कारण ती माती चुनखडीची, आम्लाचा दातच लागत नाही. मी शिकत असताना असल्याच एका साइटवर बांबूच्या काडीने एका मडक्यातली माती काढत होते, करंगळीच्या नखाएवढी बरगडी निघाली. सरांनी ब्रश हातातून काढून घेतला, म्हणाले श्वास पण जपून घे.

तर मांस टिकण्याचं गणित वेगळं आणि हाड टिकण्याचं वेगळं, ही दोन खाती एकत्र करू नका.

उगाच_एक (२१/०५, सकाळी १०:५१)

म्हणजे आई चूक आणि बक्कल बरोबर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (म्हणजे बसलो होतो, बाजूला ठेवलेत.)

सोलापुरी_चटणी (२१/०५, दुपारी १२:२०)

आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नाही, बसवून समाधी देतात. विभूती, बेलपत्र आणि मीठ घालायची पद्धत आहे. मी पण लहानपणापासून हेच ऐकलंय की मिठाने देह मातीत लवकर मिसळतो. डॉक्टर, मग ते चूक का? श्रद्धेचा भाग वेगळा, तो मी विचारत नाहीये.

डॉ_निशाचर (२१/०५, दुपारी ३:०५)

श्रद्धेला मी हात लावत नाही. नुसतं रसायनाचं बोलायचं तर मीठ पाणी ओढून घेतं आणि कुजवणारे बहुतेक जंतू खाऱ्यात जगत नाहीत. खारवलेला बांगडा तसाच टिकतो, कातड्याचे व्यापारी कातडी मिठातच ठेवतात. दोन पोती मीठ सात-आठ फुटांच्या ओल्या खड्ड्यात पाण्याबरोबर पसरून पातळ होणार, त्यामुळे टिकवण्याचं कामही ते पूर्ण करणार नाही, पण कुजायला मदत तर मुळीच करत नाही. मीठ घातल्यावर कुत्री-कोल्ही उकरत नाहीत असं जुने लोक म्हणतात, तो भाग मला पटण्यासारखा वाटतो.

चुन्याचीही तीच तऱ्हा. सिनेमात खुनी माणूस प्रेतावर चुना टाकतो ना, तो बिचारा पुरावा जपून ठेवत असतो. २०१२ साली एक अभ्यास आला, बेल्जियममध्ये डुकरं पुरली होती, काहींवर कळीचा चुना, काहींवर विरवलेला, काही तशीच. सहा महिन्यांनी उकरली तर चुन्यातली जास्त शाबूत. गुरांच्या डॉक्टरांनी तुम्हाला चुना सांगितला तो रोग आणि वास पसरू नये म्हणून, आणि ते बरोबरच होतं. कुजायला म्हणून नाही.

पणजीकर_मुंबैत (२१/०५, दुपारी ४:३३)

चुन्यावरून आठवलं. आमच्या जुन्या गोव्यातले सेंट फ्रान्सिस झेवियर, गोंयचो सायब. ते वारले ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या सांचाव बेटावर. तिथे पुरताना पेटीत मुद्दाम चुना भरला होता, हेतू हा की मांस लवकर जाऊन नुसती हाडं जहाजातून भारतात नेता यावीत. फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तर देह जवळजवळ तसाच. मग मलाक्का, तिथे परत पुरले, परत काढले आणि १५५४ ला गोव्यात. आम्ही त्याला चमत्कारच मानतो, गेल्या २०२४-२५ च्या प्रदर्शनाला मी घरच्यांबरोबर दोन तास रांगेत होतो. डॉक्टरांचं वाचून फक्त एवढंच म्हणतो की चुना घालणाऱ्यांचा अंदाज तेव्हाही चुकला होता.

डॉ_निशाचर (२१/०५, दुपारी ४:५०)

तुम्ही माझ्यापेक्षा छान मांडलंत. मी त्यात पडत नाही.

रानपाखरू (२१/०५, संध्या ६:१५)

अवांतर वाटेल पण नाही. माझ्या लहानपणी मेलेलं जनावर पुरायचं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही, गावाबाहेर टाकायचे. मी स्वतः बघितलंय, सकाळी टाकलेली म्हैस, आधी एक गिधाड, मग आभाळातून भोवरा उतरावा तशी शंभरेक, दुपारपर्यंत सांगाडा. मग डायक्लोफिनॅकने गिधाडंच संपली, गुरांना दिलेलं दुखण्याचं औषध मढ्यातून त्यांच्या पोटात आणि मूत्रपिंड निकामी. २००६ ला गुरांसाठी बंदी आली तोवर नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांच्या वर पक्षी गेले होते. मुंबईत पारशी लोकांच्या दख्म्यांची (गिधाडांसाठी प्रेतं ठेवायच्या जागांची) अडचण पण त्यातूनच झाली. पुरणं हे आपल्याकडे बऱ्याच गावांत नवीनच आहे, म्हणून त्याचं गणित कुणाला माहीत नाही.

वसईवाला (२१/०५, रात्री ८:४२)

आम्ही वसईचे ख्रिस्ती. गावची जागा तेवढीच, माणसं वाढली, त्यामुळे कबर काही वर्षांनी परत उघडतात, हाडं गोळा करून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच जागी पुढचा. माझ्या काकांची उघडली तेव्हा मी होतो. पेटी सनमायका मारलेल्या प्लायची, ती फुगलेली पण उभी. आत हाडं सुटी झालेली आणि त्यावर टेरिलीनचा सूट, टाय, नायलॉनचे मोजे एकदम शाबूत, मोज्यात पायाची हाडं खुळखुळत होती. कबर खणणारा म्हणाला, "बाबा, माणूस जातो पण कपडा जात नाही. सुती साडीतली म्हातारी वर्षात मोकळी होते, सफारीतला माणूस मला तीन वर्षं त्रास देतो." आता आमच्यातले काही जण पेटीच नको, नुसतं सुती कापड म्हणतात ते यासाठीच.

दापोलीचा_मुकादम (२१/०५, रात्री ९:२०)

आमच्या मुसलमानांत पेटी नसतेच, नुसतं सुती कापडांचं कफन. आणि माती थेट अंगावर पडत नाही, वर फळ्या आडव्या टाकून पोकळी राखतात, मग माती. कबरीत उतरून मय्यत ठेवायचं काम मी केलंय, आत बऱ्यापैकी जागा असते. त्या पोकळीने फरक पडत असेल का डॉक्टर? आणि एक विचारू का, किडे खालून येतात की वरून? लहानपणी आम्हाला वाटायचं जमिनीतले किडे खातात.

डॉ_निशाचर (२२/०५, रात्री १२:३८)

मुकादमसाहेब, हाच प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी काल माती-मीठ करत बसले होते. पोकळीने फरक पडतो, थोडी हवा कोंडलेली राहते, फळ्या कुजून बसेपर्यंत ओली माती अंगाला चिकटत नाही.

किडे जमिनीतले नसतात, माश्यांचे असतात, आणि सगळा खेळ एवढाच की माशी आधी पोचली की माती आधी पोचली. आपल्याकडच्या त्या निळ्या-हिरव्या चमकदार माश्या उन्हाळ्यात काही मिनिटांत हजर होतात. डोळे, नाक, तोंड, जखम, जिथे ओलं आणि मऊ तिथे अंडी. आपल्या उकाड्यात दिवसभरात अळ्या बाहेर. अळ्यांचा गोळा जमला की त्याची स्वतःची ऊब तयार होते, थर्मामीटर घातला तर बाहेरच्यापेक्षा दहा-वीस डिग्री जास्त दाखवतो. अमेरिकेत जेरी पेन नावाच्या माणसाने १९६५ साली डुकराच्या मेलेल्या पिल्लांवर प्रयोग छापला, काही उघडी ठेवली आणि काहींना एकही कीटक शिरणार नाही असा बंदोबस्त केला. उघडी सहा दिवसांत नव्वद टक्के संपली. बंद ठेवलेली शंभर दिवसांनी सुकटीसारखी वाळून शिल्लक. जंतू दोन्हीकडे होते, फरक फक्त कीटकांचा.

आता वरून माती टाका. या चमकदार माश्यांना खणता येत नाही, वीतभर दाबलेली माती आली की त्यांचा धंदा बंद. काही दुसऱ्या माश्या जमिनीवर अंडी घालतात आणि अळ्या भेगांतून वास घेत खाली उतरतात, पण फार खोल नाही. खूप खोलवर जाणारी म्हणून प्रसिद्ध ती वेगळीच, इंग्रजीत तिला शवपेटीची माशी म्हणतात, दोन-तीन मिलिमीटरची कुबडी चिमुरडी, उडण्यापेक्षा तुरुतुरु पळते. ती दोन मीटरपर्यंत जाते आणि वर न येता तिथेच पिढ्या काढते. स्पेनमध्ये अठरा वर्षांपूर्वी पुरलेल्या देहावर ती जिवंत सापडली आहे. वॉशिंग्टनमध्ये मॉटर नावाच्या डॉक्टरने दीडशे कबरी उघडल्या तेव्हाचे कीटक टिपून १८९८ साली छापलेत, त्यातही असल्या चिमुरड्या माश्या होत्याच.

आम्हाला एमबीबीएसला एक जुना नियम घोकून घेतात, उघड्यावर एक आठवडा म्हणजे पाण्यात दोन आणि जमिनीत आठ. परीक्षेपुरता ठीक. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात बिल बास या प्राध्यापकांनी खरी माणसं एक, दोन आणि चार फुटांवर पुरून बघितली, १९८५ ला ते छापलं, वरची लवकर गेली आणि खालची हळू. पण या बासबाबांची स्वतःची फजिती मला जास्त आवडते, कारण त्यांनीच ती जगाला सांगितली. १९७७ मध्ये एक उकरलेली कबर दाखवायला त्यांना बोलावलं, आत डोकं नसलेला कोट घातलेला देह, मांस अजून गुलाबी. त्यांनी सांगितलं फार तर वर्षभरापूर्वीचा, कुणीतरी जुन्या कबरीत नवा मुडदा लपवला असणार. निघाला कर्नल शाय, अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६४ च्या लढाईत मेलेला, मसाला भरून लोखंडी पेटीत घट्ट बंद केलेला. एकशे तेरा वर्षांची चूक! १९८१ पासून त्यांनी प्रेतं कुजताना अभ्यासायची जागा चालवली त्यामागे ही खोच होती.

माझा अनुभव याहून लहान. एका तालुक्याच्या ठिकाणी एकाच विषबाधेच्या केसमध्ये दोन देह उकरले, दोघं एकाच दिवशी पुरलेले, चौदा महिने झालेले. पहाटे गेलो, तहसीलदार खुर्ची टाकून बसलेले, पंच शालीत. वरची, बाजूची, खालची माती वेगवेगळ्या बरण्यांत भरून घ्यायची असते, विष देहातलं की मातीतलं हे कळायला. पहिला उतारावर मुरमात होता, स्वच्छ सांगाडा. दुसरा वीस पावलांवर नाल्याकडेला, चिकणमातीत. त्याच्या मुलाने आत वाकून बघितलं आणि "आप्पा" म्हणून मोठ्याने हाक मारली. चेहरा ओळखू येत होता.

मळेवाला, आईला विचारलंत का?

मळेवाला (२२/०५, रात्री ९:५५)

विचारलं. आणि ताई तुम्ही बोललात म्हणून आज जेसीबीवाल्याला न सांगता मी आणि धाकटा भाऊ फावडं घेऊन गेलो, तोंडाला रुमाल बांधून पुढच्या बाजूने हळूहळू उकरलं.

आई म्हणाली हौश्या सोमवारी तिन्हीसांजेला गेला, मंगळवारी जेसीबी येताना ओढ्यात फसला, पाऊस पण होता, पुरला तो बुधवारी दुपारी. म्हणजे जवळजवळ दोन दिवस गोठ्यामागं. वर ताडपत्री होती पण डोकं बाहेर. आणि मानेच्या जखमेत जित्ता असतानाच किडे पडले होते, औषध घालत होतो, हे मी विसरलोच होतो.

डोकं सगळं हाड. एकदम स्वच्छ, धुतल्यासारखं. मान पण हाड. खांद्यापासून हळूहळू ते साबण सुरू होतं आणि मागं पोट-मांडी तर अख्खी. खड्डा पण असा उतरता झाला होता, मागची बाजू खाली आणि डोकं वर होतं, हे उकरल्यावर लक्षात आलं.

आणि डोक्याच्या आजूबाजूच्या मातीत साळीच्या दाण्यासारखे तपकिरी टरफलाचे दाणे, ओंजळभर तरी असतील. काही तिळाएवढे बारीक पण होते. मोठा एक नखाने फोडला तर आत माशी. पंख दुमडलेली, मेलेली, वाळलेली.

डॉ_निशाचर (२२/०५, रात्री ११:२०)

अंगावर काटा आला. तुम्ही माझं काम तुमच्या शेतात करून ठेवलंत.

हे माश्यांचे कोष. अळी पोटभर खाऊन झाली की कातडी कडक करून आत माशी बनते. तुमच्या हौश्याबरोबर दोन दिवसांच्या अळ्या आणि अंडी खाली गेली, जखमेतले किडे तर आधीचेच. खड्ड्यात जेवढी हवा कोंडली होती तेवढ्यावर त्यांनी डोकं आणि मान उरकली, शेजारी मातीत कोष केले. मग पाणी चढलं किंवा काळी माती दबून बसली, आणि आत तयार झालेल्या माश्यांना वर यायला वाटच मिळाली नाही. मागची बाजू खाली, पाण्यात, तिकडे अळ्या पोचल्याच नाहीत. तिथलं झालं मेण. तिळाएवढे दाणे त्या चिमुरड्या माश्यांच्या जातीतले असतील असं मला वाटतं, ते मात्र नुसत्या वर्णनावरून नक्की सांगता येत नाही.

न फुटलेले असे मोठे कोष खोल कबरीत दिसले की माणूस पुरण्याआधी उघडा पडून होता हे आम्हाला कळतं. खून घरात झाला, दोन दिवस लपवला, मग पुरला, असल्या केसमध्ये हे दाणेच साक्ष देतात.

खापरखुणा (२२/०५, रात्री ११:४१)

आमच्यातही! पेरूमध्ये उआका दे ला लुना म्हणून मोचे लोकांचं ठिकाण आहे, तिथल्या थडग्यात माश्यांचे कोष मिळाले आणि त्यावरून ठरलं की देह पुरण्याआधी काही काळ मुद्दाम उघडा ठेवायचे. हजार-दीड हजार वर्षांचे कोष. मळेवालादादा, दोनचार दाणे काडेपेटीत ठेवा हो.

आजीचा_बटवा (२३/०५, सकाळी ८:०२)

म्हणजे मीठ नाही, चुना नाही, शेवटी जेसीबी ओढ्यात फसला म्हणून डोकं गेलं आणि चिबड होतं म्हणून बाकीचा राहिला. बरं. मान्य. विहीर किती लांब आहे त्या जागेपासून, ते आधी बघा.

मळेवाला (२६/०५, रात्री ८:३०)

आजी, विहीर दीडशे फुटावर वरच्या अंगाला, भीती नाही. तरी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले लम्पी माणसाला होत नाही, उघडं ठेवू नका, लगेच झाका. झाकलं. पाईप सहा फूट पलीकडं सरकवला, दोन एल्बो जास्त लागले. मेमध्येच असला पाऊस लागलाय की चर भरून वाहतीय.

खापरखुणाताई, दाणे ठेवलेत काडेपेटीत, पण आईला सांगू नका.

वडिलांना लोणच्याचं सांगितलं. ते म्हणाले, मग काय वाईट झालं, टिकला तर टिकला. काल झाकताना घरातून पिशवी घेऊन आले आणि वरून परत दोन ओंजळी मीठ टाकलं. मी काही बोललो नाही.